पाणी ओतण्याआधी

मी संडासचं भांडं बोलतोय. हसू नका, आणि नाकाला पदरही लावू नका. आज सकाळीच मला ब्रशने घासून लख्ख केलंय. तरीही माझं नाव काढताना तुमचा आवाज खाली येणार, हे मला माहीत आहे. जन्मल्यापासून मी लोकांचे खाली आलेले आवाजच ऐकत आलोय.

गुजरातेतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पांढरी माती कालवून साच्यात ओतली, वाळवली, वर चकाकी चढवली आणि भट्टीत घातली. त्याच मातीचं, त्याच भट्टीतून एक हात धुवायचं बेसिनही बाहेर पडलं. ते कुणाच्या तरी बैठकीत आरशाखाली लागलं म्हणे. आलेला पाहुणा त्याचं कौतुक करत असेल. मला गवतात गुंडाळून ट्रकमध्ये चढवलं, आणि साक्री, धुळे, जळगाव करत मी यावलला बन्सीलाल शेठच्या दुकानात येऊन पडलो. तिथे नळ आणि तोट्या पुढे काचेत. आम्ही मागे, भिंतीकडे तोंड करून. शेठ नोकराला सांगायचे, "अरे, ते कोपऱ्यातलं दाखव यांना." नाव घ्यायचे नाहीत.

एक दिवस हाशम पिंजारी आपल्या बायकोला, नूरबीला, घेऊन दुकानात आला. बसस्टँडच्या रस्त्याला त्याचं गादी-रजईचं दुकान. उंच, सडपातळ माणूस. भुवयांवरसुद्धा कापसाचे तंतू चिकटलेले. मुलाचं, दानिशचं, लग्न ठरलं होतं. साक्रीच्या मुलीकडच्यांनी एकच गोष्ट मागितली होती: घरात संडास हवा, आमची मुलगी सार्वजनिक संडासापुढे रांगेत उभी राहणार नाही. म्हणजे बघा, मी त्या घरात आलो तो तबस्सुममुळे. नवरीच्या आधी पंधरवडाभर.

मला अंगणाच्या कोपऱ्यात बसवलं. तीन बाजूंना विटा, पुढे पत्र्याचं दार, शेजारी धुण्याचा दगड. त्या दारातून अंगणातलं सगळं ऐकू येतं. घरात ते लोक हिंदी-खान्देशी मिसळून बोलतात. मी माझ्या पद्धतीने सांगतो.

माझ्याकडे येणारा माणूस एकटा असतो. त्यामुळे तो खरा असतो. दानिश केळीच्या गाड्या भरणाऱ्यांच्या टोळीत होता. सगळ्यांसमोर मोठमोठ्याने बोलणारा हा गडी माझ्याकडे आला की हळू आवाजात गाणी म्हणायचा. तबस्सुम नवीन होती तेव्हा रडायला यायची आणि रडणं ऐकू जाऊ नये म्हणून बादलीत नळ सोडायची. नूरबी सगळ्या नातेवाइकांना मनातल्या मनात उत्तरं द्यायची, मधूनच एखादं उत्तर ओठांबाहेर पडायचं. आणि हाशम बिडी ओढायचा. बिडी ओढता ओढता स्वतःशी बोलायचा. त्याचं मन मला कळतं ते असं.

आणखी एक गोष्ट मला कळायची. सांगायला लाज वाटते, पण तेच तर माझं काम. माणूस तोंडाने काहीही सांगो, त्याच्या लघवीचा रंग माझ्यावर उतरतो. पाणी पोटभर प्यालेल्या माणसाची गवताच्या वाळल्या काडीसारखी फिकट. मे महिन्यात दानिश दिवसभर केळीच्या बागेत राबून आला की मोहरीच्या तेलासारखी गडद, थोडीशीच. ताकदीच्या गोळ्या चालू असल्या की झगझगीत पिवळी. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. बीट खाल्लं की एक दिवस गुलाबी. एका पावसाळ्यात दानिशचीच कोऱ्या चहासारखी व्हायला लागली. डोळे पिवळे व्हायच्या आधी ते मला दिसलं होतं. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो. त्याला कावीळ झाली, महिनाभर अंथरुणाला खिळला, उठला.

त्या वेळी मी स्वतःची समजूत घातली: बघणं आपल्या हातात, बोलणं नाही.

मग हाशमचं सुरू झालं.

दिवाळीच्या आधीचे दिवस. रजया भरायचा हंगाम, दुकानात कापसाचे ढीग. हाशम दुपारी घरी आला, माझ्याकडे आला आणि खाली बघून जागीच थबकला. लाल. बिटाची नाही, त्या घरात बीट कुणी खात नव्हतं. मटण धुतल्यावर पाणी दिसतं तसली लाल.

"उन्हाळी लागली," तो पुटपुटला. "दिवसभर बसून काम. गरमीच असेल."

त्याने घाईघाईने टमरेलभर पाणी ओतलं. मग दुसरं. मग सगळी बादली.

दोन दिवस सब्जाचं पाणी प्याला. लघवी स्वच्छ झाली. "गेलं बघ," तो मला म्हणाला. मला म्हणजे कुणालाच नाही. पण ते गेलं नव्हतं. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा लाल, पुन्हा स्वच्छ. दुखत नव्हतं, जळजळ नव्हती. "दुखत नाही म्हणजे काही नाही," हे वाक्य त्याने माझ्यापुढे किती वेळा म्हटलं असेल! स्वच्छ दिवस आला की त्याला वाटायचं सुटलो. मला कळत होतं की हा दुखण्याकडे बघायचं सोडून नुसते स्वच्छ दिवस मोजतोय.

डॉक्टरकडे जायचं त्याच्या मनात येई. पण तिथे जाऊन काय सांगणार? कंपाउंडर ओळखीचा, त्याची गादी हाशमनेच भरलेली. बाकांवर सगळं गाव. "या वयात, त्या जागेचं दुखणं," तो धूर सोडत म्हणायचा. "लोक काय काय लावतील. दानिशला काय वाटेल." कपड्याला डाग लागेल या धास्तीने त्याने मशिदीत जाणं कमी केलं, नूरबीला सांगितलं की गुडघे धरतात. पाणी कमी प्यायला लागला, म्हणजे इकडे कमी यावं लागेल. आणि प्रत्येक वेळी आधी टमरेल हातात घ्यायचा, मग खाली बसायचा, म्हणजे लगेच ओतता येईल. नंतर नंतर तर तो बघेनासाच झाला. वर छताच्या पत्र्याकडे डोळे लावून ओतायचा.

तबस्सुमला दिवस गेले होते. पाचवा महिना. नूरबी तिला फुलासारखं जपत होती. पहिलं मूल दुसऱ्या महिन्यातच पडलं होतं, म्हणून घर जपूनच श्वास घेत होतं.

त्या दिवशी नळाची पाळी चुकली होती. अंगणातला ड्रम कोरडा, माझ्याजवळची बादली कोरडी. हाशम दुकानातून आला तो थेट माझ्याकडे. बसला. या वेळी नुसतं लाल नव्हतं, त्यात काळपट गुठळ्या होत्या. सवयीने त्याने टमरेल बादलीत घातलं आणि ते बुडाला खणकन आपटलं.

"या अल्ला," तो म्हणाला, आणि टमरेल घेऊन बाहेर धावला. भिंतीपलीकडच्या शेजारीण बेबाबाईंकडे हौदात पाणी असायचं.

तेवढ्यात तबस्सुम आत आली. गरोदर बाईला थांबवत नाही. तिने खाली बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला. ती तशीच मागे सरली. दारात नूरबी उभी होती. तिने सुनेचा पांढराफटक चेहरा बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

ती किंकाळी मी विसरणार नाही.

"अम्मी, माझं नाही! मी बसलेसुद्धा नाही. हे आधीच होतं," तबस्सुम म्हणत होती.

"आधी कोण होतं इथे? भूत?" नूरबीने तिला दोन्ही खांद्यांना धरलं. "सकाळी ड्रम सरकवलास ना? नको म्हटलं होतं ना मी?"

भिंतीपलीकडून बेबाबाई आल्या. "काय झालं वं नूरबी? काहून ओरडून राह्यली?" त्यांच्या मागे हाशम. हातात भरलेलं टमरेल.

सगळं अंगण तिथे होतं. मी तिथे होतो, माझ्यावर ते पसरलेलं होतं. हाशमने नुसतं म्हणायचं होतं, "ते माझं." एवढे दोनच शब्द.

त्याचे ओठ हलले. सून समोर, शेजारीण समोर. त्याची मान खाली गेली. तो पुढे झाला, टमरेलातलं पाणी माझ्यात ओतलं, आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसला.

खरं सांगतो, त्याच्याइतकीच लाज मला वाटली. मी जे होतं ते दाखवलं होतं, पण कुणाचं ते दाखवता आलं नव्हतं. आणि घरात रक्त दिसलं की ते बाईचंच, हे सगळ्यांनी न विचारता धरलं होतं. पुरुषाकडे कुणी वळूनही बघितलं नाही.

दानिशने टेम्पो आणला, तबस्सुमला मागे गादीवर निजवून जळगावला नेलं. रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला नूरबी देवाचं नाव घेत होती म्हणे. सोनोग्राफी झाली. बाळ छान होतं, ठोके छान होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला रक्तस्रावाची काही खूण दिसत नाही. पण तुम्ही एवढं बघितलं म्हणताय, तर आराम द्या. पुन्हा दिसलं तर लगेच आणा."

झालं, तबस्सुम खाटेवर. पायांखाली उशा. दिवसातून कितीदा तरी नूरबी तिचे कपडे तपासायची. "लपवू नकोस. मागच्या वेळीही तू उशिरा सांगितलंस," असं म्हणायची. धुण्याच्या दगडावर बेबाबाईंजवळ बोलायची, "पोर खोटं बोलते. भीतीने बोलत असेल, पण खोटं बोलते." बेबाबाई म्हणाल्या, "तिचं ऐकून तर घे. मले तर ती पोर खोटं बोलणारी वाटत नाही." नूरबीने कपडे दगडावर आणखी जोरात आपटले.

हाशम माझ्याकडे यायचा आणि बिडी न पेटवताच बसून राहायचा. "उद्या सांगतो," म्हणायचा. एकदा म्हणाला, "बाळ तर सुखरूप आहे ना. मग आता कशाला." असं म्हणून स्वतःच्याच गालात मारून घेतली.

एका सकाळी तबस्सुम आत आली. फोन तिच्या ओढणीत लपवलेला. नळाला पाणी नव्हतं, म्हणून आवाज झाकायला काही नव्हतं. साक्रीला आईशी ती बोलत होती.

"अम्मी, तू मला घेऊन जा इथून. खरंच माझं नव्हतं गं. मी कशाला लपवू? सगळे माझ्याकडे चोरासारखं बघतात. दानिशसुद्धा. कधीकधी मलाच वाटतं की मलाच कळलं नसेल. रात्रभर पोटावर हात ठेवून पडते..."

दाराखालच्या फटीत मला दोन पाय दिसले. टाचांना भेगा, भेगांत कापूस. हाशम बाहेर थांबला होता. तो मागे फिरेल असं मला वाटलं. तो फिरला नाही.

"बेटा," तो बाहेरून म्हणाला.

तबस्सुमने फोन बंद केला.

"दार उघडू नकोस. तू आत आहेस तोवरच मला बोलता येईल." त्याने पत्र्याला हात टेकला. "त्या दिवशीचं ते... ते माझं होतं."

"काय, अब्बा?"

"ते लाल. लघवीतून जातं मला. दिवाळीच्या आधीपासून जातंय. बादलीत पाणी नव्हतं म्हणून मी बेबाबाईंकडे गेलो, तेवढ्यात तू आलीस."

आत तिने फोन ओढणीत खोचला. मग तिचा आवाज निघाला, अगदी बारीक. "तुम्ही तिथेच उभे होतात, अब्बा. अम्मीने माझे खांदे धरले तेव्हा. हातात टमरेल घेऊन उभे होतात."

"होतो."

"मग?"

"जीभ उचलली नाही. सुनेसमोर हे कसं बोलायचं, एवढंच डोक्यात. तुझं काय होतंय ते बघत राहिलो आणि गप्प राहिलो. माफ कर असं म्हणायलाही मला तोंड नाही."

पत्र्याला कपाळ टेकवल्याचा आवाज आला. तबस्सुम भिंतीला धरून उभी होती. ती रागावली होती. तिच्या नाकपुड्या फुललेल्या मला दिसत होत्या. मग तिने विचारलं,

"दुखतं?"

"नाही. दुखत नाही म्हणून तर..."

"सरका. मला बाहेर येऊ द्या."

तिने दार उघडलं. सासऱ्याच्या तोंडाकडे तिने बघितलं नाही, त्यानेही तिच्याकडे नाही. "अम्मीला कोण सांगणार?" तिने विचारलं.

"मीच," हाशम म्हणाला, आणि धुण्याच्या दगडापाशी गेला.

नूरबीने ऐकलं आणि ओल्या कपड्यांतच खाली बसली. "मी त्या पोरीला काय काय बोलले," एवढंच तिने तीन-चार वेळा म्हटलं. दानिश मात्र भडकला. "माझी बायको आठ दिवस जिवाच्या भीतीने झोपली नाही, अब्बा! आणि तुम्ही बघत होतात?" थोड्या वेळाने दानिशच अंगणात येऊन म्हणाला, "सकाळी तयार राहा. जळगावला जायचं."

तिथे आत दुर्बीण घालून तपासलं. मूत्राशयात गाठ होती. डॉक्टरांनी पहिल्यांदा बिडीचंच विचारलं. म्हणाले, "न दुखता लाल आलं तर पहिल्याच दिवशी यायचं असतं. मधे थांबतं, तेव्हा माणूस फसतो. तुम्ही वेळेवर आला नाहीत. पण फार उशीरही केला नाहीत." गाठ खरवडून काढली, आत औषध सोडायचं ठरलं, आणि दर थोड्या महिन्यांनी दुर्बिणीने बघायचं ठरलं. ते अजून चालू आहे. पुढचं कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

दवाखान्यातली एक गोष्ट नूरबीने बेबाबाईंना सांगितली, ती मी दगडापाशी ऐकली. हाशमच्या खाटेला लघवीची पिशवी टांगलेली होती. भेटायला कुणी आलं की तो त्यावर चादर ओढायचा. तबस्सुम आली, सहाव्या महिन्याचं पोट सावरत. त्याने घाईने चादर ओढली. तिने ती शांतपणे बाजूला केली, वाकून पिशवीकडे बघितलं आणि म्हणाली, "कालच्यापेक्षा फिकट आहे, अब्बा. पाणी प्या अजून." मग पेला भरून त्याच्या हातात दिला. हाशम तोंड फिरवून प्याला. नूरबी म्हणाली, "मला तिथे उभं राहवेना, बेबाताई. मी जिन्यात जाऊन बसले."

पण बाळंतपणाला साक्रीला गेलेली तबस्सुम लवकर परतली नाही. मुलगी झाली, चाळीस दिवस झाले, आणखी महिना गेला. "येते" म्हणायची आणि यायची नाही. दानिश चिडचिडा झाला. नूरबीला फोन करायची हिंमत होत नव्हती. माझ्याकडे येऊन ती म्हणायची, "काय म्हणून बोलावू?" शेवटी एक दिवस तिने पिशवी भरली आणि एकटीच साक्रीच्या एसटीत बसली. तिथे काय झालं ते मला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी अंगणात लहान मुलीच्या रडण्याचा आवाज आला आणि मला कळलं की दोघी आल्या.

तरी सगळं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. तबस्सुम सासूशी गरजेपुरतंच बोलायची. नूरबी तिच्यापुढे चाचरायची. एकाच चुलीवर दोघी, मधे न बोललेलं सगळं.

परवापासून नूरबी माझ्याकडे वारंवार यायला लागली. थोडी थोडी, गढूळ, आणि बसताना दात ओठांवर रोवलेले. जळजळ होत असणार. दोन दिवस ती गप्प राहिली. प्रत्येक वेळी टमरेल आधीच भरलेलं. मी मनात म्हटलं, हे घर पुन्हा त्याच वाटेने निघालं.

आज तिने टमरेल उचललं. तिरकं केलं. थोडं पाणी सांडलं आणि तिचा हात थांबला. ती तशीच उभी राहिली. मग टमरेल खाली ठेवून तिने पत्र्याचं दार अर्धं उघडलं.

"तबस्सुम."

अंगणात मुलीशी चाललेलं तिचं बोलणं थांबलं.

"तबस्सुम, बेटा. जरा इकडे येतेस? मला बघून सांग हे काय आहे. मला काही कळत नाही."

तबस्सुम आली. कडेवर मुलगी. दारात क्षणभर थबकली, मग आत आली आणि सासूच्या शेजारी उभी राहून तिने माझ्याकडे बघितलं. नूरबी शरमेने लाल झाली होती, पण तिने तोंड झाकलं नाही.

"गढूळ आहे, अम्मी. जळतं?"

"खूप."

"कधीपासून?"

"परवापासून."

तबस्सुमने मुलगी दुसऱ्या कडेवर घेतली. "हिला अब्बांकडे देते," ती म्हणाली. "चपला घाला. आपण दोघी जाऊ डॉक्टरकडे."

तुम्हा सगळ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मी तुमच्याही घरात आहे, दाराआड, कोपऱ्यात. माझं नाव घेऊ नका हवं तर. पण पाणी ओतण्याआधी एकदा खाली बघा. लाल दिसलं, कोऱ्या चहासारखं दिसलं, दिवसेंदिवस गडद किंवा गढूळ राहिलं, तर कुणाला तरी सांगा. आणि दुसऱ्या कुणाचं असेल असं वाटलं, तर आरोप करू नका, विचारा.

बाहेर चपलांचा आवाज होतोय. दोघी निघाल्या. हाशम नातीला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारतोय.